तळहातावरचा ‘व’

पेला खारूच्या उजव्या कोपरापासून वीतभर अंतरावर होता. काचेचा, पाऊण भरलेला. वरच्या दिव्याचं प्रतिबिंब पाण्यात अगदी स्थिर होतं, म्हणजे टेबलाला अजून धक्का लागलेला नव्हता. आईने तो मुद्दाम तिथे ठेवला होता. मागच्या वेळी ठेवला तेव्हा याच जागी तो खारूला दिसला होता. मान न वळवता तिने हात लांब करून उचलला होता. आज तिने चमचा घ्यायला हात वळवला, कोपर पेल्याला लागलं, पाण्यातला दिवा थरथरला आणि टेबलभर सांडला.

“झालं!” बाबा हसत उठले आणि फडकं घेऊन आले. ओठ नीट दिसावेत म्हणून ते खारूच्या बरोबर समोर वाकले. “वेंधळी! एक नंबरची वेंधळी आहेस तू.”

“तुमच्यावर गेलेय,” खारू म्हणाली.

“माझ्यावर? मी विजेचं काम करतो, बाई. वेंधळा असतो तर केव्हाच कोळसा झाला असता माझा.”

दोघं हसली. आई टेबलाच्या कडेवरून गळणारं पाणी बघत राहिली. मागच्या वेळेपेक्षा कमी दिसतंय हिला. किती कमी, हे तिला नेमकं मोजता आलं असतं, आणि आपण ते मोजणार आहोत याची तिला शिसारी आली.

खारूला जन्मापासून कमी ऐकू यायचं. दोन्ही कानांना यंत्रं होती, बाकीचं ती ओठांवरून वाचायची, आणि इतक्या वर्षांत घराला त्याची सवय झाली होती. पाठमोरं बोलायचं नाही, तोंडात घास असताना बोलायचं नाही, अंधारात तर बोलायचंच नाही. मग गेल्या वर्षी शाळेच्या जिन्यात ती पडली, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की कान आणि डोळे, दोन्हींच्या मागे एकच दोष आहे. आधी अंधारातलं जाईल, मग कडेचं. दृष्टी बाहेरून आत आवळत येईल. मधलं काही वर्षं टिकेल, कदाचित बरीच. कुणी सांगू शकणार नाही. औषध नाही.

“तिला सांगा,” डॉक्टर म्हणाले होते. “दिसतंय तोवर जे शिकता येतं, ते नंतर फार जड जातं. आणि सांगितल्याशिवाय शिकणार कशी?”

आई शाळेत विज्ञान शिकवायची. दृष्टिपटलावरच्या पेशी म्हणजे काय, त्या मेल्या की परत येत नाहीत, हे तिला डॉक्टरांनी समजावून सांगायची गरज नव्हती. तरी ती आणखी दोन डॉक्टरांकडे जाऊन आली. दोघांनी तेच सांगितलं, एकाने हळू आवाजात आणि दुसऱ्याने घड्याळाकडे बघत. गाजरांनी यात काडीचाही फरक पडत नाही हे तिला ठाऊक होतं, आणि तरी ती रोज सकाळी गाजर किसायची. पाचवीच्या पुस्तकातला डोळ्याचा धडा तिने या वर्षी पुढे ढकलला होता, मग आणखी पुढे. खारू तिच्याच वर्गात, दुसऱ्या बाकावर बसायची.

बाबांचं उत्तर ठरलेलं होतं. “अजून नको.” आधी परीक्षा होऊ दे, मग वाढदिवस होऊ दे, मग तिचं ते सर्दीचं दुखणं जाऊ दे. बोलणं तिथे संपायचं आणि बाबा शिडी काढायचे. त्यांनी घरात दिव्यांची रांग लावली होती. पलंगाखाली दिवा, कपाटात दिवा, न्हाणीघराच्या दारावर माणूस आला की आपोआप लागणारा दिवा. पाहुणे विचारायचे, “घर आहे का दुकान?” अंधाराला शिरायला फट उरू नये, एवढंच त्यांच्या हातात होतं आणि ते त्यांनी मन लावून केलं होतं. आईला त्यांच्यावर चिडता येत नव्हतं. गाजरं तीच किसत होती.

खारू हे नाव शाळेतलं. ती खारुताईसारखी मान झटक्याझटक्याने वळवते म्हणून मुलींनी ठेवलेलं. सगळ्यांना ते गोड वाटायचं, खुद्द तिलाही. ती मान कशाला वळवते हे पूर्ण शाळेत फक्त विज्ञानाच्या बाईंना माहीत होतं.

आणि अशात शाळेच्या मोठ्या बाईंनी आईला बोलावून घेतलं.

“मुलांना काहीतरी प्रेरणा मिळायला हवी,” मोठ्या बाई म्हणाल्या. “आपल्या वाचनालयाची फाटकी पुस्तकं बांधून देतात ना त्या मावशी, त्यांना बोलवू. ऐकू येत नाही, दिसत नाही, आणि काम बघा! पाचवीत ठेवू, तुमच्याच वर्गात. आपल्या खारूलाही जरा उमेद येईल, नाही का?”

आई म्हणाली, “हो, येईल ना.” तिच्या तोंडून तेच निघालं.

बाइंडिंगचं दुकान म्हणजे रस्त्याला लागून एक लांबट खोली होती. खळीचा आंबूस वास, भिंतीपर्यंत रचलेले पुठ्ठे, मध्ये स्क्रूच्या जड दाबयंत्राचा सांगाडा. आई दुपारी गेली तरी आत अंधार होता. त्या अंधारात एक बाई पाठ ताठ ठेवून बसली होती आणि दाभणाने पानांच्या घडीला भोकं पाडत होती. प्रत्येक भोक पाडण्याआधी डाव्या हाताचा अंगठा आधीच्या भोकावर जाऊन यायचा.

“अगंबाई, दिवा!” मागून दुसरी बाई धावत आली. “वन्सं एकट्याच असल्या की मला लावायचं सुचतच नाही. मी त्यांची वहिनी. या ना, बसा, ते पुठ्ठे सरकवा.” मग तिने नणंदेचा डावा हात उताणा केला आणि त्यावर बोटाने भराभर काहीतरी टकटक केलं.

“शाळेच्या बाई,” मावशी मोठ्याने म्हणाल्या. त्यांचा आवाज सपाट होता, चढउतार नसलेला, पण शब्द स्वच्छ होते. “या. हात द्या तुमचा.”

आईने हात दिला. मावशींनी तो दोन्ही हातांत धरून चाचपला. “खडू,” त्या म्हणाल्या. “आणि नखं खाता तुम्ही.”

“वन्सं!” वहिनी ओरडली आणि मग तेच तिने हातावरही ओरडून घेतलं, म्हणजे जोरात टकटक केली.

त्यांची भाषा वहिनीने समजावून सांगितली. मावशींचे डोळे गेले तेव्हा दोघींनी मिळून ती शोधली होती. मुळाक्षरांचे पाच वर्ग आणि हाताची पाच बोटं. अंगठा ‘क’ वर्गाचा, त्याच्या शेजारचं बोट ‘च’चं, मधलं ‘ट’चं, मग ‘त’चं, करंगळी ‘प’ची. प्रत्येक बोटावर टोकापासून मुळापर्यंत पाच अक्षरं ओळीने. य, र, ल, व आणि पुढची सगळी तळहातावर. काना म्हणजे मनगटाकडे एक रेघ, वेलांटी म्हणजे छोटं वळण.

“अंगठा आखूड, तिथे जरा गर्दी होते,” वहिनी म्हणाली. “आणि मुळाशी तो ‘ङ’ आहे बघा. त्याला आजवर एकदाही काम पडलेलं नाही. पण जागा ठेवलीय बिचाऱ्याची.”

आईने अर्ध्या तासात ते उचललं. पद्धत नीट असली की तिला लवकर यायचं. वहिनी चहाचं बघायला आत गेली तेव्हा तिने मावशींच्या हातावर अडखळत पहिला प्रश्न विचारला. डोळे कधीपासून?

“ऐकू जन्मापासून कमी,” मावशी म्हणाल्या. “डोळे नंतर गेले. आधी संध्याकाळी दिसेना. मग कडेचं.” त्यांनी दोन्ही हातांच्या बोटांचा मोठा गोल केला आणि तो हळूहळू आवळत एका नाण्याएवढा केला. मग मूठ मिटली.

आईचं बोट त्यांच्या तळहातावर तसंच राहिलं. तिला ते उचलायचं भान नव्हतं. दुकानाबाहेरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

“बाई?” मावशी म्हणाल्या. “तुमचा हात गार पडलाय.”

मग आईने ते लिहिलं. लिहिलं म्हणजे टोचलं, एकेक अक्षर. माझी मुलगी. तुमचंच आहे. वर्गात असेल. तिला माहीत नाही. लहानपणाचं सांगू नका.

मावशींनी दाभण चाचपून बाजूला ठेवलं.

“मी आपणहून सांगणार नाही,” त्या म्हणाल्या. या वेळी त्यांनी आवाज खाली आणायचा प्रयत्न केला होता. तो नीट जमला नाही. “पण कुणी विचारलं तर खोटं बोलणार नाही. आणि बाई, मुलं विचारतातच.”

तो दिवस उजाडला तेव्हा आईने खारूच्या कपाळाला हात लावून पाहिला. थोडा जरी ताप असता तरी तिने तिला घरी ठेवलं असतं. ताप नव्हता. खारूने तिच्या हातातून कपाळ सोडवून घेतलं आणि म्हणाली, “आई, आज त्या येणार आहेत. मला पहिल्या बाकावर बसू दे ना.”

“दुसराच बरा आहे.”

“दुसऱ्यावरून मॉनिटरचं डोकं मध्ये येतं. तिच्या डोक्यावर केस कमी आणि रिबिनी जास्त आहेत.”

तिला पहिल्या बाकावर बसू द्यावं लागलं.

वर्गात आधी सगळं चांगलं चाललं होतं. वहिनीने फळ्यावर हात काढला आणि बोटांवर अक्षरं मांडली. मुलं एकमेकांच्या हातांवर टकटक करायला लागली, गुदगुल्या झाल्याच्या किंकाळ्या उठल्या, मागच्या बाकावर कुणीतरी कुणाच्या तरी हातावर ‘गाढव’ लिहिलं आणि ते बरोबर वाचलं गेलं. आईने पहिल्या बाकाकडे पाहिलं. खारूच्या शेजारणीला एक अक्षर लागेपर्यंत खारू तीन वाचत होती. आईला नवल वाटलं नाही. समोरच्या छोट्याशा जागेतली बारीक हालचाल टिपायची, हेच तर खारू आयुष्यभर करत आली होती. ती जागा अजून शाबूत होती.

मग प्रश्न सुरू झाले. मुलं विचारायची, वहिनी हातावर उतरवायची, मावशी मोठ्या सपाट आवाजात उत्तर द्यायच्या.

“तुम्हाला स्वप्नं पडतात का?” मॉनिटरने विचारलं.

“पडतात. त्यात माझी वहिनी गप्प बसलेली असते. म्हणून कळतं की स्वप्न आहे.”

वर्गात हशा पिकला. वहिनीने ते हसू मावशींच्या दंडावर बोटं नाचवून कळवलं. मावशींनी थोडा वेळ थांबून ते पुरतं घेतलं, मग पुढे बोलल्या.

“कुणीतरी एक पुस्तक द्या मला.” कुणीतरी दिलं. त्यांनी पाठीवरून बोट फिरवलं. “हे मी बांधलंय. माझा टाका आहे. आणि मधल्या पानांवर कुणीतरी गोड काहीतरी खात खात वाचलंय.” सगळ्यांनी एकदम मॉनिटरकडे बोट केलं. ती म्हणाली, “सगळी पानं मी नाही चिकटवलेली!”

“या भाषेत कधी चूक होते का?” एकाने विचारलं.

“होते तर! या बोटावर बघा, ‘द’ आणि ‘ध’ शेजारी शेजारी. एकदा माझी दाढ काढायची होती. मी खुर्चीत, घाबरलेली. वहिनीला लिहायचं होतं ‘धीर धर’. घाईत बोट वर सरकलं आणि लिहिलं ‘दीर धर’. आता माझं लग्नच झालेलं नाही, मी दीर कुठून आणू? म्हटलं, असेल कुणीतरी. जो हात सापडला तो घट्ट धरला. तो डॉक्टरांचा निघाला. त्यांच्या हातात चिमटा होता.”

मुलं बाकांवर कोलमडली. खारू तोंडावर हात धरून हसत होती. आई खिडकीशी उभी होती, आणि तासाची घंटा व्हायला थोडाच वेळ उरला होता. तिला वाटलं, निभावलं. हे मुलांना कळतंय, त्यांना आवडतंय, आणि कुणी काही विचारत नाही. निभावलं.

“माझ्या बोटाला पेटके आले बाई,” वहिनी बोट चोळत म्हणाली. “तुम्हाला येतं ना आता? शेवटचे एकदोन प्रश्न तुम्हीच घ्या.”

आई पुढे येऊन मावशींच्या शेजारी बसली. त्यांचा हात तिने आपल्या मांडीवर घेतला. पहिल्या बाकावरून हात वर झाला.

“हां, बोल,” आई म्हणाली.

खारू उभी राहिली. तिचे शब्द थोडे नाकात यायचे, वर्गाला त्याची सवय होती. “तुम्ही लहानपणी वेंधळ्या होता का?”

कुणीतरी खुदकन हसलं. खारूचं लक्ष नव्हतं. ती मावशींच्या हाताकडे बघत होती.

आईने लिहायला सुरुवात केली. तुम्ही. लहानपणी. एवढं तिने खरं लिहिलं. मग बोट हवेत थांबलं. पुढचं अक्षर तळहातावर होतं. इथे कुणालाच कळणार नाही. मावशींना ऐकू येत नाही, वहिनी बोट चोळतेय, मुलं हसताहेत. एवढ्या वेळात तिच्या मनात दुसरं काहीच आलं नाही, फक्त घंटेचं. तिचं बोट अंगठ्याच्या टोकावर उतरलं. तुम्ही लहानपणी काय खेळायचात?

“लपाछपी,” मावशी म्हणाल्या. “पण माझ्यावर राज्य आलं की ते उतरायचंच नाही. मला कुणी सापडायचंच नाही ना. संध्याकाळ झाली की...” त्या थांबल्या. आपण कुठे निघालो होतो हे त्यांच्या लक्षात आलं असावं. “असो. लपाछपी.”

“मी हे नाही विचारलं,” खारू म्हणाली.

मागच्या बाकांवरून माना उंचावल्या.

“मी ‘वेंधळ्या’ विचारलं. ‘व’ तळहातावर असतो.” तिने फळ्याकडे न बघता आपलाच हात पुढे करून दाखवला. “बाई, तुमचं बोट अंगठ्यावर गेलं. अंगठ्यावर ‘क’ आहे. तुम्ही वेगळं विचारलंत.”

ती रागावलेली नव्हती. चूक दाखवताना जशी दाखवायची तशीच तिने दाखवली होती, आणि आता ती उत्तराची वाट बघत होती, कारण आईची चूक कशी झाली हे तिला खरंच कळत नव्हतं. “मी... बोट सरकलं माझं,” आई म्हणाली. ते तिलाही ऐकू आलं, किती खोटं वाटतंय ते.

“मी विचारू?”

नाही म्हणायला काही कारण नव्हतं. मोठ्या बाईंनी तर या क्षणाचा फोटोच काढला असता.

खारू बाकातून निघाली. टेबलाचा कोपरा तिच्या कडेला होता; तो तिच्या कमरेला लागला. ती क्षणभर कळवळली, कोपऱ्याला हाताने बाजूला केल्यासारखं केलं आणि पुढे आली. आईने उठून तिला जागा दिली. खारूने मावशींचा हात उताणा केला आणि जीभ दातांत धरून एकेक अक्षर टेकवलं.

मावशींच्या चेहऱ्यावर काहीतरी बदललं. लहान बोटं त्यांना कळली होती. शब्दही कळला असावा, संपायच्या आधीच. तरी त्या पूर्ण होईपर्यंत थांबल्या.

“वेंदळ्या?” त्या म्हणाल्या. “‘द’ नाही बाळ, ‘ध’. त्याच्या खालचा. धीरातला ‘ध’.”

खारूने खालच्या जागी बोट टेकवलं.

“हां. आता बरोबर.” मावशींनी ते बोट आपल्या मुठीत घेतलं. “विचारलंस म्हणून सांगते. घरात, शाळेत, सगळे मला वेंधळी म्हणायचे. पेला पडला, वेंधळी. उंबऱ्याला ठेचाळले, वेंधळी. बाजूने कुणी चेंडू टाकला आणि तो तोंडावर बसला, वेंधळी. प्रेमाने म्हणायचे, टोमणे मारून नाही. मग मीच आधी म्हणायला लागले. काही पडलं की कुणी बोलायच्या आत मीच, मी वेंधळी.”

“मग?” खारू म्हणाली, आणि मग लक्षात येऊन तिने ते हातावरही टेकवलं.

“मग खूप मोठी झाल्यावर कळलं, की मी वेंधळी नव्हतेच. मला कडेचं दिसत नव्हतं. माझ्या आईला ठाऊक होतं. तिला वाटलं, पोरगी हसतीखेळती आहे, राहू दे.” मावशींचा चेहरा वळला, आई जिथे उभी असेल असं त्यांना वाटलं असेल तिकडे, पण तिथे नकाशा होता. “ती वाईट नव्हती. फार माया होती तिची. पण दिसत होतं तेव्हा मी काय काय बघून ठेवलं असतं! आणि स्वतःला मी इतकी वर्षं जे म्हणत राहिले, ते काही पुसलं जात नाही.”

घंटा झाली. मुलं हलली नाहीत, मग सगळी एकदम हलली. मॉनिटर आभार मानायला उठली आणि पाठ केलेलं विसरली. त्या गलक्यात खारू तिथेच उभी होती आणि मान वळवत होती. डावीकडे, उजवीकडे, झटक्याझटक्याने. आई तिच्या कडेला, हातभर अंतरावर उभी होती. खारू तिलाच शोधत होती आणि ती तिला सापडत नव्हती. आईच्या मनात आलं की आत्ता आपण हललो नाही तर हिला दिसणारच नाही, आणि ती खरोखरच काही क्षण हलली नाही.

घरी जाताना बोलणं झालं नाही. चालताना खारूला ओठ दिसत नसत, त्यामुळे एरवीही होत नसे. उजेड कमी होत चालला तसा खारूने नेहमीप्रमाणे आईच्या मनगटाला हात घातला. आईने कधी विचारलं नव्हतं, ही संध्याकाळी मनगट का धरते. आज खारूची बोटं त्या मनगटावर स्वस्थ नव्हती. काहीतरी टेकवत होती. आईने लक्ष देऊन वाचायचा प्रयत्न केला, पण मनगटावर अक्षरं नसतात. कोणत्या जागेला काय म्हणायचं ते ठरलेलं नव्हतं. तिला काहीच लागलं नाही.

जिन्यात बाबा शिडीवर उभे होते. त्यांनी नवा दिवा बसवला होता, पांढरा, मोठा, आणि तोंडात स्क्रू धरून ते खाली बघून हसले. बटण दाबलं. जिन्याच्या पायऱ्यांवरचे चुन्याचे डागसुद्धा दिसायला लागले.

“बघ,” स्क्रू काढून ते म्हणाले. “आता इथे रात्र व्हायचीच नाही. कसा झाला कार्यक्रम?”

खारूने आईचं मनगट सोडलं. ती दिव्याच्या बरोबर खाली जाऊन उभी राहिली आणि मान वर करून बाबांच्या तोंडाकडे बघायला लागली.

“बाबा, मी वेंधळी आहे का?”

“हे काय विचारणं झालं?” बाबा हसले. “आहेसच. जगातली सगळ्यात मोठी...”

“मस्करी नाही. खरं विचारतेय.”

बाबांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, आतून मात्र निघून गेलं. त्यांनी आईकडे पाहिलं. आईने त्यांच्याकडे पाहिलं. शिडीच्या वरच्या पायरीवर त्यांचा हात घट्ट झाला, आणि तिला माहीत असलेलेच दोन शब्द त्यांच्या ओठांवर आले. अजून नको. ते बोलले नाहीत, पण आईला दिसले, आणि दिव्याखाली उभं राहून खारूही तेच ओठ बघत होती.

“काय नको?” खारू म्हणाली.

नवा दिवा बारीक गुणगुणत होता. ते खारूला ऐकू येत नव्हतं.

“आई? बाबा म्हणाले अजून नको. काय नको?”

आईने खांद्यावरची पिशवी पायरीवर ठेवली. गाजरं होती तिच्यात. ती पायऱ्या चढून खारूच्या समोर आली, मग आणखी थोडी सरकली, बरोबर मध्ये, जिथे कशालाही मान वळवावी लागणार नाही. खाली बसली. उजेड तिच्या तोंडावर पडतोय याची तिने खात्री केली. तिने आपले हात खारूच्या हातांत देऊन टाकले.

“अगं, जरा थांब,” वरून बाबा म्हणाले. “निदान जेवून...”

“नाही,” आई म्हणाली. “किती वेळा थांबलो आपण.” मग ती खारूशी बोलली, सावकाश, एकेका शब्दाला ओठ स्पष्ट हलवत, जसं खारू तान्ही असताना बोलायची तसं. “तू वेंधळी नाहीस. कधीच नव्हतीस. तुला कडेचं दिसत नाही, आणि पुढे आणखी कमी दिसणार आहे. आम्हाला गेल्या वर्षीपासून माहीत आहे. मी आता तुला सगळं सांगणार आहे, आत्ता, इथेच बसून.”